पिवळ्याची पारख

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा आजचा भाव कुणालाही विचारा, चहाच्या गाड्यावरचं पोरगंसुद्धा सांगेल. पण घरात सिनेमा बघायला प्रोजेक्टर कोणता घ्यावा असा विषय निघाला की सगळी बोटं एकाच आडत दुकानाकडे वळतात. त्या दुकानात प्रोजेक्टर मिळत नाही. तिथे हळद मिळते, सोयाबीन मिळतं आणि गल्ल्यामागे अण्णा मिळतात.

अण्णा प्रोजेक्टर घेणार आहेत. ही बातमी ताजी नाही. थोरल्याचं लग्न ठरायच्या आधीपासून ते घेणार आहेत. आता नातू अंगणवाडीत जातो. मधल्या काळात त्यांच्या सल्ल्यावर गावातल्या एका डॉक्टरांनी वरच्या मजल्यावर पडदा टांगला, एका मंगल कार्यालयाने नवरानवरीचे फोटो दाखवायला यंत्र बसवलं, कळमनुरीचा एक क्लासवाला भिंतीवर भूमिती शिकवायला लागला. अण्णांच्या हॉलमध्ये मात्र अजून बत्तीस इंची टीव्ही आहे. त्याच्यावर वहिनींनी विणलेला रुमाल असतो आणि तो संध्याकाळच्या बातम्यांपुरता वर जातो.

"अण्णा, तुमचं कधी?" असं विचारलं की ते चष्मा कपाळावर नेतात. "घ्यायचंय ना. पण मनासारखा पिवळा कुठं मिळायलाय?"

अशी 'घेणार' माणसं गावोगाव असतात. सेनगावला कुणी ट्रॅक्टर घेणार असतं, वसमतला कुणी सोलर. घेऊन टाकणाऱ्याला वस्तूबद्दल फारसं काही माहीत नसतं. पावती फाटली की त्याचं कुतूहल संपतं. घेणार असलेल्याचं मात्र वाढतच जातं. त्याला मॉडेलांचे नंबर पाठ असतात, बंद पडलेल्या मॉडेलांची हळहळ असते आणि पुढच्या वर्षी काय येणार याची आतली खबर असते. अण्णा याच जातीतले, पण एका बाबतीत वेगळे. बाकीचे कागद वाचून शहाणे झालेले असतात. अण्णांकडे डोळा आहे.

तो डोळा मोंढ्यानं घडवला. संत नामदेवांचं नाव असलेल्या हळद मार्केट यार्डात बीट चालू असताना त्यांना बघावं. कट्ट्याचं तोंड उघडं, अण्णांचा हात कोपरापर्यंत आत. वरची कांडी नाही, मधली नाही, तळाची बाहेर काढायची आणि दोन बोटांत मोडायची. नीट वाळलेली कांडी मोडताना खणकन वाजते, ओलसर असली तर नुसती वाकते. मग मोडलेलं तोंड उन्हाकडे धरायचं. बाहेरच्या रंगाकडे ते ढुंकूनही बघत नाहीत, कारण ढोलात घालून फिरवली की कुठलीही हळद वरून देखणी होते आणि वरून रंग चढवणारे महाभागही जगात आहेत. खरं काय ते आत. पिवळा, आणि त्या पिवळ्याच्या पोटात केशरी. त्या केशरी झाकेवरून अण्णा माल कुठल्या शिवारातला आणि शिजवताना किती घाई झाली ते सांगतात, आणि शेतकरी नाइलाजानं मान डोलावतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा लोक पेढे वाटत होते. अण्णा म्हणाले, "आता कळलं व्हय तेन्ला?"

असा माणूस पोराच्या आग्रहाखातर नांदेडच्या एका शोरूममध्ये गेला. पोरगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या मते हे काम अर्ध्या तासाचं होतं.

शोरूमच्या मुलानं त्यांना अंधाऱ्या खोलीत सोफ्यावर बसवलं, थंड पाणी दिलं आणि भिंतीवर पोपट सोडले. लाल-निळे परदेशी पोपट, मग चमच्यातून ओघळणारा मध, मग कुठल्याशा बर्फाळ मुलखातलं हिरवं आभाळ. पोरगा "वा!" म्हणाला. अण्णा काही बोलले नाहीत.

"हे पोपट तू पाहिलेस का कधी?"

"नाही सर."

"मीबी नाही. मग ते असेच असतेत हे कशावरून? काहीतरी ओळखीचं दाखव."

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. रंग पारखायचा तर डोळ्याला जे रोज दिसतं त्यावरच पारखावा: माणसाची कातडी, गवत, घरातली साडी. परदेशी पोपट कसाही रंगवला तरी तक्रार करायला कोण येणार आहे?

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून मोडलेली कांडी काढली आणि फोनमधला मोंढ्यातल्या हळदीच्या ढिगाचा व्हिडिओ लावायला सांगितला. हा व्हिडिओ त्यांनी भर दुपारी स्वतः काढलेला, आणि फोनवर तो कांडीशी जुळतो याची खात्री करून घेतलेली. भिंतीवर ढीग आला. पण ती हळद नव्हती, राईची पूड होती. मुलानं रिमोटवर 'डायनॅमिक' दाबलं. उजेड वाढला आणि पिवळ्यात हिरवट झाक आली. 'व्हिव्हिड' दाबलं, तर ढीग असा पेटला की पोरानंही डोळे बारीक केले.

"ह्याला पॉलिश मारलंय," अण्णा म्हणाले.

"सर, छत्तीसशे लुमेनचं मशीन आहे हे."

"पांढऱ्याचे छत्तीसशे का पिवळ्याचे?"

मुलगा मालकाला बोलवायला गेला. मालकही हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकत होता.

अण्णांनी तो प्रश्न कुठे वाचला नव्हता, पण पडला तो नेमका जागेवर. त्या यंत्रात एकच चिप होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये जी बारीक आरशांची चिप तयार केली, तिच्यावर हा सगळा डीएलपी प्रोजेक्टरांचा संसार उभा आहे. चिप एकच असल्यामुळे रंग एकामागून एक फेकावे लागतात आणि त्यासाठी दिव्यापुढे रंगीत काचेचं एक चाक गरगर फिरत असतं. लाल, हिरवी, निळी अशा पाकळ्या. पुष्कळ स्वस्त यंत्रांत याच चाकात चौथी, बिनरंगाची पाकळी घालतात. तिच्यातून नुसता उजेड जातो, पांढरा झगझगीत होतो आणि खोक्यावरचा लुमेनचा आकडा फुगतो. रंगांना मात्र त्या उजेडातला वाटा मिळत नाही. शेजारी पांढरा भडकलेला असला की पिवळा सगळ्यात आधी मरगळतो. तीन पॅनेलच्या एलसीडी यंत्रात चाकच नसतं. तिन्ही रंग एकदम पडतात, त्यामुळे पांढऱ्याचा उजेड आणि रंगांचा उजेड बरोबरीनं चालतो. चाकाच्या यंत्रांतही पांढरी पाकळी नसलेली, घरच्या सिनेमासाठीच केलेली मॉडेलं असतात. त्यांच्या खोक्यावर आकडा लहान असतो म्हणून गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघत नाही.

तेव्हापासून अण्णा कुठल्याही शोरूममध्ये गेले की चपला काढायच्या आत विचारतात, "चाकात पांढरी पाकळी हाय का?" नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर, तिन्हीकडचे विक्रेते आता त्यांना ओळखतात.

चाकाच्या यंत्राला आणखी एक खोड असते. काही जणांना नजर झटकन फिरवली की पांढऱ्या अक्षरांच्या कडेला लाल-निळे चट्टे दिसतात. आपल्याला ते दिसतात का, हे बघायला अण्णा पडद्यासमोर बसून मान जोरजोरात डावी-उजवीकडे हलवायला लागले. विक्रेत्याला वाटलं, भाव पटत नाही. त्यानं दोन हजार कमी केले. अण्णांची मान चालूच. आणखी तीन हजार गेले. शेवटी त्यानं पडदा फुकट देतो म्हटलं, तेव्हा अण्णा थांबले आणि समाधानानं म्हणाले, "दिसायलेत." आणि उठून चालू लागले.

लुमेनबद्दल त्यांचं म्हणणं असं, की आकडा सांगू नका, काटा कुणाचा ते सांगा. त्यांच्या पुतण्यानं ऑनलाइन एक डबा मागवला. डबा पोळीच्या डब्याएवढा, वर लिहिलेलं 'बारा हजार लुमेन' आणि 'फोर-के सपोर्ट'. अण्णांनी तो लावून बघितला. ट्यूबलाइट चालू होती तोवर भिंतीवर काहीतरी आहे हेच कुणाला कळलं नाही. "ही वजनं घरच्या काट्यावरची हायेत," ते म्हणाले. पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येक भागातला उजेड मोजायचा आणि सरासरी काढायची, ही अमेरिकी मानक संस्थेची, म्हणजे एएनएसआयची पद्धत. तो शब्द खोक्यावर नसेल तर त्या आकड्याला अण्णांच्या दुकानात भाव नाही. फोर-के सपोर्टचा अर्थही त्यांनी पुतण्याला समजावला: फोर-के चित्र आत घेतो, बाहेर त्याच्या ऐपतीप्रमाणे टाकतो.

वास्तविक घरच्या सिनेमाला लुमेन फार लागतच नाहीत. शंभर इंची पडदा म्हणजे सव्वासात फूट रुंद, चार फुटांच्या जरा वर उंच. थिएटरच्या पडद्यावर जेवढा उजेड असावा असं सिनेमावाल्यांचं मानक आहे, तेवढा या पडद्यावर यायला पूर्ण अंधारात पाचशेच्या आतले लुमेन पुरतात. 'पूर्ण अंधारात' हा शब्द आला की अण्णा खुर्ची पुढे ओढतात.

"काळा रंग फेकता येत नाही," ते सांगतात. या वाक्यानंतर ते थोडं थांबतात आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटतं का ते बघतात. प्रोजेक्टर उजेड फेकू शकतो, अंधार नाही. दिवा मालवल्यावर तुमची भिंत जेवढी काळी दिसते, सिनेमातली अमावस्या त्याहून काळी होणं शक्य नाही. त्यात पडद्यावरचा उजेड पांढऱ्या छतावर आपटून परत पडद्यावर येतो आणि राहिलेला काळाही धुऊन काढतो. म्हणजे चित्र यंत्रापेक्षा खोलीवर जास्त अवलंबून. लाखाचं यंत्र पांढऱ्या हॉलमध्ये लावण्यापेक्षा निम्म्या किमतीचं काळोख्या खोलीत लावावं. यातलं अवाक्षरही खोटं नाही. फक्त अण्णांनी ते एका रविवारी वहिनींना सांगितलं, आणि छताला कोळशाचा रंग, भिंतींना गडद करडा आणि खिडक्यांना दुहेरी पडदे अशी योजना मांडली.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. "अन् महालक्ष्म्या कुठं बसवायच्या? कोळशाच्या वखारीत?"

योजना तिथेच बारगळली.

रंगाच्या नादी लागलेला मराठी माणूस काही अण्णांपासून सुरू झाला नाही म्हणा. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' काढली ती काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेल्या चित्रांची. पडद्यावर रंगीत राम-रावण हलताना लोकांनी सिनेमा यायच्या आधी बघितले. पुढे प्रभातचे शांतारामबापू 'सैरंध्री' सिनेमाच्या रंगांसाठी थेट जर्मनीला गेले आणि रंग मनासारखे उतरले नाहीत ते नाहीतच. हे ऐकल्यावर अण्णांनी शांतारामबापूंबद्दल पहिल्यांदा आपुलकी दाखवली. "तेन्लाबी पिवळा सापडला नसंल."

दुसरी अडचण धूळ. अण्णांचं घर दुकानाच्या वर, गोदामाला लागून. फेब्रुवारीपासून आवक सुरू झाली की पाखडणं, चाळणं, कट्टे उतरवणं, आणि या सगळ्यातून उठलेली पिवळी धूळ जिन्यानं वर येते. तीन पॅनेलचं यंत्र पंख्यानं हवा ओढून आतले काचेचे पॅनेल थंड ठेवतं आणि हवेबरोबर धूळही ओढतं. जाळी वेळेवर साफ केली नाही तर पडद्यावर धुरकट डाग दिसायला लागतात. चाकाच्या पुष्कळ यंत्रांत काचा बंदिस्त असतात, त्यांना धुळीचा त्रास कमी. म्हणजे ज्या यंत्रात हळदीचा रंग खरा दिसतो त्याला हळदीची धूळ चालत नाही, आणि ज्याला धूळ चालते त्यात एक तर रंग मरगळतो, नाहीतर अण्णांना चट्टे दिसतात. या पेचावर अण्णा एक आख्खा हंगाम विचार करत होते.

बरं, यंत्रांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की खोलीचं तापमान पस्तीस, फार तर चाळीस अंशांपर्यंत असावं. हिंगोलीत मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. कंपनीच्या हिशेबानं आमचा उन्हाळा हा वापराबाहेरचा आहे. शिवाय पंख्याचं पातं. यंत्र पडद्यापासून किती लांब ठेवायचं हे प्रत्येक मॉडेलचं ठरलेलं असतं. अण्णांच्या पसंतीच्या मॉडेलला शंभर इंचांसाठी अकरा फूट लागत होते, आणि छताला टांगलं की बरोबर मधल्या वाटेत सीलिंग फॅन येत होता. पंखा काढला तर माणसं उकडतात, ठेवला तर नायक चिरला जातो. खालून तिरपं लावून चौकोन सरळ करायची सोय यंत्रात असते, पण ती चित्रातले ठिपके खाऊन सरळपणा आणते. अण्णांना तिरपं मापून सरळ लिहिलेलं आवडत नाही.

औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा होणार हे कळल्यापासून अण्णांना जरा बळ आलं. केंद्रानं २०२३ मध्ये तिला २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंतून लेझर सोडायचा आणि प्रोटॉनच्या जाडीपेक्षाही हजारो पटींनी लहान अशी हालचाल मोजायची, असा तो कारभार. "तिथं चार किलोमीटरचा लेझर बसवायलेत, त्याला जागा बघण्यात केवढी वर्षं गेली," अण्णा म्हणाले. "मला अकरा फुटांचा बसवायचाय. तुम्हाला घाई कामून?"

गेल्या हिवाळ्यात मात्र प्रकरण कडेला येऊन ठेपलं. नांदेडच्याच एका विक्रेत्यानं हट्टाला पेटून यंत्र गाडीत घातलं आणि हिंगोलीला आणलं. तीन पॅनेलचं, काढून धुता येणाऱ्या जाळीचं, जवळूनही शंभर इंच टाकणारं, म्हणजे पंखाही वाचला. संध्याकाळी गल्लीतली माणसं जमली. वहिनींनी चिवडा केला. दिवे मालवले, 'पिंजरा' लावला. सिनेमा १९७२ चा असला तरी तोच लावायचा हा अण्णांचा हट्ट. पाच मिनिटांत त्यांनी तो थांबवायला लावला आणि हळदीचा ढीग मागितला.

विक्रेता तयारीचा होता. त्यानं आधीच 'सिनेमा' मोड लावून ठेवला होता. शोरूममध्ये चित्र मुद्दाम निळसर ठेवतात, कारण निळसर पांढरा जास्त उजळ वाटतो. सिनेमाचं ठरलेलं माप मात्र दिवसाच्या साध्या उजेडाचं, साडेसहा हजार केल्विनचं. नवख्याला ते पहिल्या दिवशी पिवळट वाटतं. अण्णांना ते कधीच पिवळट वाटलं नव्हतं.

ढीग भिंतीवर आला. खोलीत कुणी बोलेना. अण्णा उठले, रुमालातली कांडी काढली आणि भिंतीला टेकवून धरली. प्रकाशात त्यांचा हात, हातावर हळद, हळदीत मोडलेली कांडी. जुळलं. केशरी झाकेसकट जुळलं. विक्रेत्यानं हळूच पावती पुस्तक काढलं.

पण अण्णांचा चेहरा पडला. "एका फटक्यात?" ते पुटपुटले. मोंढ्यात पहिलाच कट्टा बिनखोडीचा निघाला की तळ बघायचा असतो. "पांढरा टाक."

विक्रेत्यानं कोरा पांढरा पडदा टाकला. भिंत पांढरी दिसली. अण्णांनी पावती पुस्तकातला कोरा कागद टरकावला आणि भिंतीवर दाबून धरला. कागद पांढरा होता. त्याच्या भोवतालची सगळी भिंत फिकट, एकसारखी, स्वच्छ पिवळी होती. त्यांनी बोट घासून बघितलं, नाकाशी नेलं.

"हळद हाय," ते म्हणाले. "आपलीच."

त्या भिंतीवर दगडी कोळसा जरी फेकला असता तरी तो पिवळाच दिसला असता. वर्षानुवर्षांचा मोंढा जिन्यानं वर येऊन भिंतीत मुरला होता आणि रोज बघणाऱ्या डोळ्याला, हिंगोलीतल्या सगळ्यात तयार डोळ्याला, तो दिसला नव्हता.

"तीन दिवाळ्या झाल्या सांगायले, रंग काढा म्हणून," वहिनी अंधारातूनच म्हणाल्या. चिवड्याची परात त्यांच्या मांडीवर होती.

विक्रेत्यानं आशेनं विचारलं, "सर, मग मशीनचं?"

"मशीन बरोबर हाय का चूक, ह्या भिंतीवर कसं कळावं? ने परत. भिंत झाली की सांगतो."

दुसऱ्याच आठवड्यात रंगारी आला. वहिनींनी त्याला उंबऱ्यातच सांगून ठेवलं की काळा, करडा, कोळशी असं काही बोललास तर मजुरी मिळणार नाही. अण्णांनी ते मान्य केलं. भिंत पांढरीच. गल्ल्यावर आता शेडकार्ड उघडं असतं आणि त्यातल्या पांढऱ्यांच्या पानांवर अण्णांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत: हा निळ्याकडे जातो, हा गुलाबीकडे, हा चमकतो म्हणजे मधेच उजेडाचा गोळा दिसणार, हा मॅट आहे पण त्यात पिवळ्याचा वास येतो. त्यांनी प्रत्येकाचा हातभर तुकडा भिंतीवर लावून घेतला आहे, दिवसा वेगळा बघतात आणि रात्री टॉर्च मारून वेगळा.

रंगारी पायऱ्यांवर बादली ठेवून उभा होता. बिचाऱ्याकडून विचारायला नको ते विचारलं गेलं. "मालक, पांढरा म्हणजे पांढराच ना शेवटी?"

अण्णांनी चष्मा कपाळावर नेला. "बस खाली," ते म्हणाले, आणि दुकानातल्या पोराला हाक मारली, "ए, दोन चहा सांग."